गगनबावडा रस्ता भरावावर उचलायचा का?

कुंभीकाठ

जुलै लागला की मांडुकली, किरवे, लोंघे, खोकुर्ले ही नावं पेपरात यायला लागतात आणि बातमी एकच असते: कोल्हापूर-गगनबावडा मार्गावर पाणी, वाहतूक बंद.

ज्यांनी हा रस्ता पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फुलेवाडी सोडली की बालिंग्याला भोगावती ओलांडायची. कळे गावाच्या पुढे कुंभी नदी सोबतीला येते ती गगनबावडा जवळ येईपर्यंत सुटत नाही. कुठे नदी अगदी रस्त्याला खेटून, कुठे मध्ये एखादं उसाचं रान. एकूण रस्ता ५५ किलोमीटरचा. आधी राज्यमार्ग होता, आता थेट तळेऱ्यापर्यंत राष्ट्रीय महामार्ग १६६ जी आहे. नवीन नंबराबरोबर रुंदीकरण आलं, काँक्रीट आलं आणि सखल टप्प्यांत रस्ता उंच करायचा विषयही आला.

रुंदीकरणाला माझा विरोध नाही. जुन्या रस्त्यावर समोरून उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या लावून आला की एकाने बाजूपट्टीवर उतरायचं, आणि बाजूपट्टी म्हणजे चिखल. माझा विरोध मुरमाच्या भरावाला आहे. पाणी येतं त्या टप्प्यात सात-आठ फूट भराव टाकायचा, त्यावर काँक्रीट ओतायचं, खाली दोन-चार पाइप घालायचे आणि 'पूरमुक्त रस्ता' असा बोर्ड लावायचा. रस्ता पूरमुक्त होईलही, पण त्या पाण्याने जायचं कुठे? शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गाचा भराव पंचगंगेला आडवा आल्यावर वरच्या बाजूला काय होतं ते कोल्हापूरने २०१९ आणि २०२१ ला बघितलंय. आणि एवढं करून तो महामार्गही दोन्ही वेळा पाण्याखाली गेलाच.

माझं म्हणणं एवढंच: पाणी येणाऱ्या टप्प्यांत रस्ता खांबांवर घ्या. ते जमत नसेल तर आहे त्या उंचीवर ठेवा. काँक्रीट पाण्याखाली चार दिवस राहिलं म्हणून डांबरासारखं उखडत नाही. पाणी उतरलं की रस्ता धुऊन चालू.

बावडेकर

"आहे त्या उंचीवर ठेवा." वा! तुम्ही कळ्याच्या खाली राहता वाटतं?

आमच्या तालुक्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जिल्ह्यात सगळ्यात जास्त आमच्याकडेच. पाणी आलं की खाली मांडुकलीला रस्ता बंद आणि वर घाटात दरड. म्हणजे आम्ही मध्ये कोंडले गेलो. सिझेरियन करायचं तर कोल्हापूर, डायलिसिस तर कोल्हापूर, साप चावला आणि पेशंट गंभीर झाला तरी कोल्हापूरचं सरकारी सीपीआर हॉस्पिटलच. आमच्या वाडीतल्या एका बाईला कळा सुरू झाल्या तेव्हा रस्त्यावर मांडीभर पाणी होतं. जीप अलीकडे लावली, दोघांनी तिला खुर्चीवर बसवून उचलून पलीकडे नेलं आणि तिथून दुसऱ्या गाडीत घातलं. पोरगी सुखरूप आहे, आता शाळेत जाते. पण त्या दिवशी काँक्रीट उखडत नाही या गोष्टीचा आम्हाला काडीचा उपयोग नव्हता.

खांब वगैरे तुम्ही लोक मागता कारण खांबांना पैसे मिळणार नाहीत हे तुम्हाला माहीत असतं. मग काम लांबतं आणि आम्ही परत खुर्ची शोधतो. भराव मिळतोय तर भराव घेऊ.

मळीरान

बावडेकर दादा, तुमची अडचण खरी हाय. पण भराव आमच्या उरावर यायचा त्याचं काय?

माजं रान रस्ता आणि नदीच्या मधी न्हाई, रस्ता आणि डोंगराच्या मधी हाय. नदीचं पाणी येतं आणि जातं, त्येची सवय हाय. मळीला, म्हंजी काठच्या रानाला, गाळ बी टाकून जातं. पण डोंगरावनं वढ्याचं पाणी येतं त्ये आता रस्त्याला अडतं. नदी उतरली तरी हिकडचं पाणी उतरत न्हाई. ऊस नुसता पाण्यात उभा ऱ्हायला तर तग धरतो, पर शेंड्याच्या पानांच्या सुरळीमधी पाणी शिरलं आणि तसंच ऱ्हायलं तर पोंगा कुजतो. वरनं हिरवा दिसतो, पोंगा वढला की हातात येतो आणि वास मारतो. त्या उसाला कारखाना तोड देत न्हाई आणि पंचनाम्यात लिवणारा म्हणतो ऊस उभा हाय की.

दोन दिसाचं पाणी आणि सहा दिसाचं पाणी ह्यात माजं वरीस जातं.

सेवानिवृत्त_उपअभियंता

मी बांधकाम खात्यात होतो, या रस्त्यावर नव्हतो. दोन्ही बाजूंनी काही गोष्टींची गल्लत होते आहे म्हणून लिहितो.

शिरोलीचं उदाहरण इथे जसंच्या तसं लागू होत नाही. तिथे महामार्ग नदी ओलांडतो, त्यामुळे पुलाच्या दोन्ही बाजूंचा भराव पूरमैदानाला आडवा येतो. सगळं पाणी पुलाच्या गाळ्यांतून, म्हणजे खांबांमधल्या मोकळ्या जागेतून, जायला बघतं आणि वरच्या बाजूला फुगवटा येतो. गगनबावडा रस्ता बहुतेक ठिकाणी कुंभीला समांतर आहे. समांतर भराव मुख्य प्रवाह रोखत नाही. तो दोन गोष्टी करतो. एक, नदीला त्या बाजूला पसरायची जागा कमी करतो, म्हणजे पलीकडच्या काठावर पाणी थोडं जास्त चढतं. त्या काठावरचं कोणी या चर्चेत दिसत नाही, पण त्यांनाही विचारायला हवं. दोन, डोंगराकडून नदीकडे जाणाऱ्या ओढ्यांचा निचरा अडवतो. मळीरान यांनी लिहिलं आहे ते हेच.

पहिल्या परिणामावर खांब हा उपाय आहे, पण खर्च भरावाच्या कैक पट. दुसऱ्यावर खांबांची गरजच नाही. तिथे पुरेशा रुंदीच्या मोऱ्या लागतात आणि पाइप नव्हे, तर काँक्रीटचे चौकोनी बॉक्स. पाइपात उसाचा पाला, प्लॅस्टिक आणि झाडाच्या फांद्या अडकतात. नऊशे मिलिमीटरचा पाइप पहिल्याच मोठ्या पावसात निम्मा बुजतो.

आणखी एक. 'आहे त्या उंचीवर ठेवा' हे महामार्गाच्या मानकांत बसत नाही. सर्वोच्च पूरपातळीच्या वर रस्त्याच्या थरांचा तळ किमान अर्धा-एक मीटर ठेवावा लागतो. जलमग्न रस्ता हा पर्याय गावरस्त्याला चालतो. उद्या ट्रक वाहून गेला तर सही कोणाची होती ते शोधत येतात.

ढपलाविरोधी_संघ

सही कुणाची ते शोधत येतात?? साहेब, कुठल्या राज्यात नोकरी केलीत?

भराव का आवडतो ते मी सांगतो. खांबाचं माप मोजता येतं. भरावाचा मुरूम किती पडला, कुठल्या टेकडीचा आणला, किती दाबला, ते पावसाळ्यानंतर कोण मोजणार? ढपला पाडायला, म्हणजे पैसे खायला, यासारखी जागा नाही. बाकी चालू द्या.

सेवानिवृत्त_उपअभियंता

मुरूमही मोजता येतो. आधीच्या आणि नंतरच्या लेव्हल घेतल्या तर घनमीटर निघतात आणि दाबाई तपासायच्या चाचण्या आहेत. मोजायचं नसेल तर खांबातली सळईही मोजली जात नाही. तुमचा राग समजतो, पण त्यावरून भराव की खांब हे ठरत नाही.

करूळ_उतार

मी वैभववाडीचा. तुमच्या चर्चेत रस्ता बावड्याला संपतोय असं वाटतंय. तो पुढे करूळ घाटातून खाली आमच्याकडे येतो. हा घाट जानेवारी २०२४ मध्ये रुंदीकरणासाठी बंद केला तो वर्षभर उघडला नाही. भुईबावड्याचा अरुंद घाट नाहीतर फोंड्याचा वळसा, असं वर्ष काढलं. आमचा ऊस घाट चढून असळजच्या कारखान्याला जातो, भाजी कोल्हापूरहून येते, पोरं शिकायला कोल्हापुरात.

घाट आता रुंद झाला. म्हणजे गाड्या आणखी वाढणार, कोकणातून चिऱ्याचे ट्रक, वरून सिमेंट. आणि ही सगळी वाहतूक पावसाळ्यात मांडुकलीला येऊन थांबणार असेल तर घाटावर एवढा खर्च कशाला केला? माझं मत बावडेकरांच्या बाजूने. रस्ता उचला. कसा उचलायचा ते इंजिनिअर बघतील.

कुंभीकाठ

@सेवानिवृत्त_उपअभियंता, समांतर आणि आडवा हा फरक मान्य, पण तो सगळीकडे तितका स्वच्छ नाही. नदी वळणं घेत येते. जिथे वळण रस्त्याकडे येतं तिथे पूर सरळ जायला बघतो आणि वळणाच्या आतलं रान कापून पुन्हा पात्रात पडतो. तिथे रस्ता नदीला समांतर असला तरी पुराला आडवाच असतो. पाणी पहिल्यांदा रस्त्यावर येतं ती ठिकाणं बघा, बरीचशी अशा वळणांवरची किंवा ओढ्याच्या तोंडाची आहेत. खांब मी ५५ किलोमीटरवर मागत नाही. या ठरावीक टप्प्यांवर मागतोय. एकेक टप्पा काही शे मीटरचा असेल.

@बावडेकर, तुमच्या वाडीतला प्रसंग वाचला. त्यावर वाद घालण्यासारखं काही नाही. पण भराव टाकून मांडुकलीचा प्रश्न मिटला आणि बालिंग्याचा जुना पूल पाणी वाढल्यावर बंद केला, तर ती जीप बालिंग्याला थांबेल. फुलेवाडीपर्यंत आलेला माणूस शहरात जाऊ शकत नाही असे दिवसही आपण पाहिलेत. तेव्हा सगळा रस्ता एकत्र बघायला हवा.

बावडेकर

"एकत्र बघायला हवा" म्हणजे आणखी दहा वर्षं. कोल्हापूर-वैभववाडी रेल्वेसुद्धा एकत्रच बघितली होती. २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पात आली, पेढे वाटले. रूळ कुठे दिसतात का तुम्हाला?

आम्हाला तुकड्यातुकड्याने मिळू दे. यंदा मांडुकली, पुढच्या वर्षी लोंघे. बालिंग्याला थांबलो तर निदान कोल्हापूर समोर दिसतं, रिक्षा मिळते, बोटसुद्धा येते. मांडुकलीत रात्री दहा वाजता काय मिळतं?

डोंगरपायथा

सगळे नदीकाठीच का भांडताय? रस्ता मुळात चुकीच्या जागी आहे. जुना बैलगाडीचा रस्ता नदीकाठाने गेला कारण काठ सपाट होता, गावं तिथेच होती. आता महामार्ग करताय तर सखल टप्प्यांत रस्ता डोंगराच्या पायथ्याला सरकवा. पुराच्या वर जाईल, भराव नको, खांब नको. जुना रस्ता गावांसाठी राहू द्या. बायपास सगळीकडे होतात, इथेच काय अडलंय?

मळीरान

पायथ्याचं रान कुणाचं हाय म्हाईत हाय का? ज्याची मळी पुरात जाती त्याचंच वरलं माळरान असतंय. पुरात सगळं गेलं तर वैरण, नाचणा, भात तितनंच. ते बी रस्त्यात घातलं तर खायाचं काय, काँक्रीट?

आणि भाव किती देणार त्ये बी सांगा.

सातबारा

भावाचा मुद्दा निघाला ते बरं झालं, कारण मार्ग बदलायची चर्चा त्याच्याशिवाय होऊच शकत नाही.

२०१३ च्या भूसंपादन कायद्यात ग्रामीण भागात बाजारभावाला एक ते दोनपर्यंत गुणक लावता येतो आणि त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम. गुणक दोन धरला तर शेतकऱ्याला साधारण चौपट मिळतात, एक धरला तर दुप्पट. महाराष्ट्रात २०२१ मध्ये राष्ट्रीय महामार्गांसाठी हा गुणक दोनवरून एकवर आणला. याच जिल्ह्यात रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या चोकाक-अंकली टप्प्यात शेतकऱ्यांनी चौपट भावासाठी आंदोलनं केली ती याच कारणाने. शेजारच्या टप्प्यातल्याला चौपट आणि आपल्याला दुप्पट, हे कोण ऐकून घेईल?

त्यात 'बाजारभाव' म्हणजे खरेदीदस्तांवरचा भाव. कुंभीच्या खोऱ्यात जमिनी फारशा विकल्या जात नाहीत, विकल्या तरी दस्तावर कमी किंमत लिहितात. म्हणजे दुप्पटही कमी भावाची दुप्पट. म्हणून डोंगरपायथा यांनी कागदावर सोपा वाटणारा पर्याय सुचवलाय, पण जमिनीवर तो सगळ्यात अवघड आहे. रुंदीकरणात सरकारला काठाची पट्टी घ्यावी लागते. नवीन मार्गात अख्खी गटंच्या गटं.

एक सल्ला मात्र सगळ्यांना. रुंदीकरणाआधी आपल्या बांधाची मोजणी करून घ्या. जुन्या रस्त्याची हद्द कागदावर एक आणि जागेवर दुसरी असते. काम झाल्यावर 'ही जागा आमचीच होती' असं ऐकावं लागतं आणि मग कोर्टात चपला झिजतात.

दरड_बघितलेला

डोंगरपायथा, डोंगर कापला की काय होतं हे जुलै २०२१ च्या दरडींनंतर तरी विचारू नका. पाच हजार मिलिमीटर पावसात उभा कापलेला मातीचा उतार टिकत नाही. करूळ घाट रुंद झाल्यावरही दरडी येतातच. आज पुरामुळे वर्षातले काही दिवस रस्ता बंद पडतो, आणि पाणी येणार हे निदान आदल्या दिवशी कळतं. कोल्हापूरला पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी तासातासाला येते, ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका. दरड सांगून येत नाही.

आलमट्टीग्रस्त

मूळ रोगावर कुणी बोलतच नाही. खाली कर्नाटकात कृष्णेवरच्या आलमट्टी धरणात पाणी अडवलं नसतं तर ना शिरोली बुडाली असती ना मांडुकली. त्यात आता कर्नाटकाला धरणाची उंची समुद्रसपाटीपासून ५२४ मीटरवर न्यायचीय. रस्ते कितीही उचला, काय उपयोग?

कुंभीकाठ

आलमट्टी आलीच! मी वाटच बघत होतो.

शिरोळ तालुक्यासाठी तुम्ही वाद घाला, तिथे कृष्णा-पंचगंगेचा संगम आहे, फुगवट्याचा प्रश्न विचारण्यासारखा आहे आणि उंची वाढवायला विरोधही करायला हवा. पुराचा अभ्यास करणाऱ्या वडनेरे समितीने २०१९ च्या पुराला आलमट्टी कारण नाही असं म्हटलं, ते पटत नसेल तर त्यावर वेगळा धागा काढा. पण आलमट्टीची पूर्ण संचय पातळी, म्हणजे धरण भरल्यावरची पाण्याची पातळी, ५१९.६० मीटर आहे. मांडुकली त्याच्या कितीतरी वर आहे. तिथलं पाणी वरून येतं, पावसाचं आणि कुंभीचं. खालून चढून येत नाही.

सावली

झाडांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. या रस्त्याला जुनी वडाची, आंब्याची, जांभळाची झाडं होती. रुंदीकरणात तीच पहिल्यांदा जातात, कारण ती रस्त्याच्या हद्दीत असतात आणि त्यांना मोबदला मागायला मालक नसतो. 'एकाच्या बदल्यात अमुक झाडं लावू' असं म्हणतात, आणि लावतात गुलमोहर, तेही दुभाजकात.

भरावाशी याचा संबंध आहे. भराव रुंद होत जातो. वर दहा मीटरचा रस्ता हवा तर आठ फुटांच्या भरावाचा पाया दोन्ही बाजूंच्या उतारामुळे जवळजवळ दुप्पट होतो. ती जागा आधी झाडांची जाते, मग बांधाची.

ढपलाविरोधी_संघ

ताई, दुभाजकच नाही या रस्त्याला. गुलमोहर कुठे लावणार?

सावली

मग ते पण नाही लावणार.

मुंबईकर_कोल्हापुरी

मी वर्षातून गणपती आणि शिमग्याला जातो, माझं मत कुणी धरू नका. पण कोल्हापूरजवळची नदीकाठची आंबेवाडी-चिखली ही गावं बघा. १९८९ च्या पुरानंतर त्यांना सोनतळीला जागा दिल्या. लोक पुरात तिकडे जातात, पाणी उतरलं की परत. शेती खाली, जनावरं खाली, देव खाली. रेडे डोह फुटला, म्हणजे तिथून पंचगंगेचं पाणी बाहेर पडलं, की रत्नागिरी रस्ता बंद होतो, तिथेही हाच वाद आहे: केर्लीपर्यंत रस्ता भरावाने उचलायचा की पाण्याला गाळे ठेवायचे. तिथल्या गावांनी भरावाला विरोध केलाय, आणि ती माणसं पिढ्यान्‌पिढ्या पूर बघत आलीत. त्यांचं ऐकायला हरकत नसावी.

बावडेकर

चिखलीवाल्यांना रस्ता बंद झाला तर दुसरा रस्ता आहे. जोतिबाकडून वळसा घेता येतो. आम्हाला नाही. प्रत्येक ठिकाणी शिरोली, चिखली यांचं उदाहरण देऊन आमचं काम थांबवू नका.

आणि मळीरान दादा, तुमच्याशी माझं भांडण नाही. तुमच्या रानातलं पाणी लवकर उतरलं पाहिजे आणि माझी जीप गेली पाहिजे. या दोन्ही गोष्टी एकमेकींच्या विरोधात आहेत असं या धाग्यात का धरलंय तेच मला कळत नाही.

सेवानिवृत्त_उपअभियंता

विरोधात नाहीत, खर्चात आहेत. नेमकं काय मागायचं ते सांगतो, कारण 'खांब द्या' म्हटलं की फाइल बंद होते आणि 'भराव नको' म्हटलं की कामच बंद होतं.

प्रत्येक ओढ्याला जलशास्त्रीय गणित केलेलं असतं, निदान असायला हवं: ओढ्याचं पाणलोट क्षेत्र किती, पाऊस किती धरला, विसर्ग किती निघाला, त्याला मोरीची रुंदी किती ठेवली. ते तक्ते मागा. त्यात सगळ्यात आधी बघायची गोष्ट म्हणजे पाऊस कुठला धरलाय. बावड्याच्या ओढ्याला कोल्हापूर शहराचा पाऊस धरला असेल तर मोरी कागदावर पुरेल आणि जागेवर तुंबेल. दुसरं, मोरीच्या खालच्या तोंडाची पातळी. नदीला पूर असताना ओढ्याचं पाणी कुंभीत जात नाही, उलट नदीचं पाणी मोरीतून आत येतं. म्हणून गणितात नुसती रुंदी धरून चालत नाही, नदी उतरायला लागल्यावर आतलं पाणी किती तासांत बाहेर पडेल ते निघायला हवं. मळीरान यांचे सहा दिवस दोनवर आणायचे असतील तर भांडायचं याच आकड्यावर.

कुंभीकाठ म्हणतात त्या वळणाच्या जागी गाळे सलग ठेवावे लागतील, तिथे मोऱ्यांनी भागणार नाही. हे मीही धरून चालतो. फक्त त्याला 'पूल' म्हणून मागा. 'उड्डाणपूल' म्हटलं की मंत्रालयात भुवया उंचावतात.

भरावाच्या नदीकडच्या उताराला दगडी पिचिंगही, म्हणजे दगडांचं अस्तरही, मागा. पूर चढताना भराव ढासळत नाही. पाणी झपाट्याने उतरतं तेव्हा आत मुरलेलं पाणी बाहेर येताना तो घसरतो. मग पूरमुक्त रस्ता पूर गेल्यावर बंद पडतो.

करूळ_उतार

हे आधी का नाही लिहिलंत? वीस प्रतिसाद वाया घालवले आम्ही.

कुंभीकाठ

वाया कसले! आलमट्टी झाली, रेल्वे झाली.

मी माहितीच्या अधिकाराचा मसुदा करतो: ओढ्यांचे तक्ते, धरलेला पाऊस, मोऱ्यांच्या तळपातळ्या, निचऱ्याचा वेळ. पण एक सांगून ठेवतो. तक्त्यात वळणाच्या जागी नुसता भराव आणि बॉक्स दिसला तर मी त्या टप्प्याचं काम थांबवा असं लेखी देणार. तिथे मी मागे हटणार नाही.

बावडेकर

मग अर्ज दोन करा. तक्ते मागायच्या अर्जावर बावड्याच्या बाजूने सह्या मी आणतो. 'काम थांबवा' त्यावर माझी सही मिळणार नाही आणि माझ्या वाडीतली एकही मिळणार नाही. तुमचे गाळे मंजूर होईपर्यंत भराव टाका, मंजूर झाले की भराव काढून गाळे घाला, असं लिहिणार असाल तर बोला.

सेवानिवृत्त_उपअभियंता

टाकलेला भराव काढून गाळे घातल्याचं मी नोकरीत एकदाही पाहिलेलं नाही.

बावडेकर

आणि मी गाळे मंजूर होताना पाहिलेले नाहीत. फिटाफीट.

मळीरान

पयल्या अर्जावर माजी सही धरा. त्यात अजून एक घाला. मोऱ्या बांधत्याल, फोटो काढत्याल, पर दर साली मे म्हयन्यात त्या साफ कोण करणार त्ये लिवून घ्या. आमच्या वाटंवरची जुनी मोरी आमच्या बानं आणि आमी फावड्यानं साफ केली हाय, सरकारी माणूस कवा आला न्हाई. आता बॉक्स मोठा येणार म्हणताय. त्यात फावडं न्हाई पुरायचं, जेसीबी लागंल. त्येचं डिझेल कुणाच्या खात्यातनं?

सातबारा

काम करणाऱ्या ठेकेदाराकडे काही वर्षं देखभालीची जबाबदारी असते. ती किती वर्षं आहे आणि त्यात मोऱ्यांची सफाई धरली आहे का, हा प्रश्न अर्जात पहिल्या नंबरला घाला. ती मुदत संपल्यावर सफाई कोणाकडे जाते, महामार्ग विभागाकडे की ग्रामपंचायतीकडे, हा दुसरा. उत्तर तीस दिवसांत यायला हवं, नाही आलं तर अपील मी लिहून देतो.